थंडी ओसरली, पण कुदळ लगेच उचलू नका

प्रश्न असा आहे: घरामागे भाजीचे चार वाफे आहेत, कडेला पुदिना, थाइम, रोजमेरी आहे. गेल्या वर्षी थंडी कमी झाल्याबरोबर पहिल्याच उबदार आठवड्यात सगळे वाफे खणले, सगळे बी एकदम पेरले. मातीची ढेकळे झाली ती शेवटपर्यंत फुटली नाहीत. भेंडी उगवलीच नाही. घरात वाढवलेली टोमॅटो-मिरचीची रोपे एका रात्रीत आडवी पडली आणि छाटलेली रोजमेरी वाळून गेली. यंदा कामे कोणत्या क्रमाने करावीत?

तुमच्या तक्रारी चार असल्या तरी त्यांचे मूळ मला एकच दिसते. हवा तापली म्हणून तुम्ही कामाला लागलात, पण बी आणि मुळे हवेत नसतात. चार दिवस चांगले ऊन पडले की आपल्याला स्वेटर नकोसा होतो. वीतभर खोलीवरच्या मातीला तीच ऊब पोचायला कितीतरी जास्त दिवस लागतात. त्यात हिवाळ्याची ओल मुरलेली असेल तर आणखी उशीर, कारण पाणी तापवायला कोरड्या मातीपेक्षा खूप जास्त उष्णता लागते. म्हणून ओली, चिकण माती उशिरा तापते आणि रेताड माती लवकर. एकाच बागेत भिंतीलगतचा वाफा आणि सखल कोपऱ्यातला वाफा यांच्यात दोन आठवड्यांचाही फरक पडू शकतो. दोन्हीकडे एकाच दिवशी पेरणी करायची काहीच गरज नाही.

पहिले काम म्हणजे वाफसा बघणे, म्हणजे माती फार ओली नाही, फार कोरडीही नाही, काम करण्याजोगी झाली आहे का ते. वरची माती पांढुरकी दिसली म्हणून वाफसा आला असे होत नाही. खुरप्याने वीतभर खोल जा आणि तिथली मूठभर माती काढा. मुठीत घट्ट दाबून गोळा करा आणि त्यावर अंगठा टेकवून हलकेच दाबा. गोळा फुटून त्याचा रवाळ भुगा झाला, तर वाफसा आहे. अंगठा रुतून चकचकीत ठसा उमटला, किंवा तळहातावर चिकट लेप राहिला, तर कुदळ ठेवून द्या आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. गोळाच होत नसेल तर माती फार कोरडी आहे. आधी भिजवण द्या, वाफसा येऊ द्या, मग हात लावा.

हे मी इतके लावून धरतो त्याला कारण आहे. मातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे बारीक बारीक दाणे झालेले असतात आणि त्या दाण्यांमधल्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळते. ओल्या मातीत कुदळ मारली की हे दाणे चिरडतात, पोकळ्या बुजतात आणि वाळल्यावर त्याच जागी विटेसारखे ढेकूळ उरते. हातोडीने फोडले तरी त्याचे छोटे ढेकूळच होते, भुसभुशीत माती होत नाही. ती पुन्हा सुटी व्हायला सेंद्रिय खत, गांडुळे, मुळे आणि बऱ्याच ओल्या-कोरड्या पाळ्या लागतात. एका दुपारच्या घाईची भरपाई करायला पूर्ण हंगाम जातो. ओल्या वाफ्यावर पाय देण्याचेही तेच. जावेच लागले तर फळी टाकून तिच्यावर उभे राहा, म्हणजे वजन पसरते. नवीन वाफे करणार असाल तर रुंदी 1.2 मीटरच्या आत ठेवा. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय घालायची वेळच येत नाही.

वाफसा आल्यावर किती खणायचे? माझे उत्तर: शक्य तितके कमी. मी माती उलटीपालटी करत नाही. काट्याचे फावडे उभे घुसवून मागे झुकवतो, माती जागच्या जागी सैल होते, बस. वर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा चांगला कुजलेला खताचा थर पसरतो आणि पंजाने वरच्या वर मिसळतो. खत कुजले आहे का, हे वासावरून कळते. जंगलातल्या ओल्या मातीसारखा वास आला पाहिजे. आंबूस किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर ते अजून तयार नाही. ताजे शेणखत या दिवसांत भाजीच्या वाफ्यात घालूच नका. एक तर ते कोवळी मुळे जाळते, दुसरे म्हणजे त्यातले रोगजंतू मुळा, गाजर, पालक अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपर्यंत पोचू शकतात. मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी ताजे खत आणि काढणी यांच्यात किमान 120 दिवस असावेत, हा सेंद्रिय शेतीतला प्रचलित नियम आहे आणि मी तो काटेकोर पाळतो. लाकडाचा भुसा किंवा वाळला पेंढाही मातीत गाडू नका. तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. पेंढा वर अंथरायचा असतो.

पण तोही आत्ता नाही. हिवाळ्यात घातलेले आच्छादन या दिवसांत वाफ्यावरून ओढून कडेला रचा. आच्छादनाखाली माती गार आणि ओली राहते. उन्हाळ्यात आपल्याला तेच हवे असते, आत्ता नको असते. दोन-तीन आठवडे ऊन थेट मातीवर पडू द्या. आच्छादन उचलताना खाली नीट बघा. साबुदाण्यासारख्या पांढुरक्या, अर्धपारदर्शक गोळ्यांचे पुंजके दिसले तर ती गोगलगायींची अंडी असतात. ती आत्ताच वेचून काढली तर पुढे कोवळ्या लेट्यूसचे पुष्कळ नुकसान टळते. हेच आच्छादन रोपे वीतभर झाली आणि माती तापली की परत पसरायचे.

माती तापायची वाट बघताना एक काम मी कधीच चुकवत नाही, आणि नवख्या माणसाला एकच युक्ती सांगायची झाली तर मी हीच सांगेन. पेरायच्या दोन-तीन आठवडे आधी वाफा अगदी पेरणीसाठी करतो तसा सपाट, बारीक, तयार करून ठेवा. गरज पडली तर पाणीही द्या. आणि काहीही पेरू नका. वरच्या थरातले तणाचे बी उगवून येईल, वाफ्यावर हिरवी लव दिसू लागेल. तण दोन पानांवर असताना, कोरड्या उन्हाच्या सकाळी, खुरपे आडवे धरून फक्त वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर खरवडा. खोल जाऊ नका. खोल गेलात की खालचे झोपलेले बी वर येते आणि सगळे मुसळ केरात. उपटलेले ते धाग्यासारखे तण दुपारपर्यंत वाळून जाते. आता पेरा. गाजर, कांदा, पार्सली अशा सावकाश उगवणाऱ्या पिकांत याने जो फरक पडतो तो एकदा बघितला की तुम्ही हे दरवर्षी कराल. गाजराच्या कोवळ्या ओळीत बोटांनी तण वेचत बसण्यापेक्षा अवघड काम बागेत नाही, आणि त्यातले बहुतेक असे आधीच संपते.

आता तुमच्या न उगवलेल्या भेंडीकडे वळू. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर घ्या. पाच-सात सेंटिमीटर आत घाला आणि सकाळी, ऊन चढायच्या आधी, सलग तीन-चार दिवस नोंद करा. दुपारचा आकडा फसवा असतो. भेंडीच्या बियाला 15 अंशांच्या मातीत उगवायला जवळपास चार आठवडे लागतात, 25 अंशांना साधारण तेरा दिवस आणि 30 अंशांना आठवडाभर. चार आठवडे गार, ओल्या मातीत पडलेले बी बहुधा उगवत नाही, कुजते. टोमॅटोचेही तसेच: 10 अंशांना सहा आठवडे, 20 अंशांना आठ दिवस. काकडी 15 अंशांना तेरा दिवस घेते आणि 20 अंशांना सहा. म्हणजे उबदार मातीत तीन आठवडे उशिरा पेरलेली भेंडी आधी पेरलेल्या भेंडीच्या बरोबरीने येते, आणि बियाणेही वाया जात नाही. उशीर झाला म्हणून जिवाला लावून घेऊ नका.

याउलट काही पिकांना हीच गार माती मानवते. पालक 5 अंशांनाही उगवतो, फक्त तीन आठवडे घेतो. 10 अंशांना बारा दिवसांत वर येतो. वाटाणा 10 अंशांना दोन आठवड्यांत. मुळा, लेट्यूस, कांद्याची रोपे, मेथी, शेपू, कोथिंबीर ही सगळी या टप्प्यातली. सकाळचा आकडा सलग 8-10 अंशांच्या वर राहू लागला की यांची पेरणी सुरू करा, आणि एकदम सगळी नको. मुळा, पालक, लेट्यूसची दीड-दोन हात लांब ओळ दर दहा-बारा दिवसांनी घाला. लेट्यूसचे बी जवळजवळ मातीच्या वरच ठेवायचे, कारण त्याच्या बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो. हे पीक पुढे ढकलूही नका. माती 27-28 अंशांच्या पुढे गेली की लेट्यूसचे बी पुन्हा झोपी जाते.

कोथिंबिरीचा आपण जो धणा पेरतो ते फळ असते. त्याच्या आत दोन बिया असतात. तळहाताखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून धण्याच्या दोन डाळिंब्या करा, रात्रभर पाण्यात ठेवा, मग पेरा. उगवण लवकर आणि सारखी होते. जिथे वाढवायची तिथेच पेरा. कोथिंबीर आणि शेपू दोघांचेही मूळ सरळ खाली जाणारे असते, एकदा उपटून दुसरीकडे लावले की ती रुसतात आणि लगेच फुलावर येतात. पार्सली तीन-चार आठवडे काहीच दाखवत नाही. तिच्या ओळीत अधूनमधून मुळ्याचे चार दाणे टाका. मुळा लवकर वर येऊन ओळ कुठे आहे ते दाखवतो आणि पार्सलीला जागा लागेपर्यंत काढूनही होतो. गाजराच्या ओळीवर पाणी देऊन ओले गोणपाट किंवा फळी झाका, म्हणजे वरचा थर सुकत नाही. मात्र सातव्या-आठव्या दिवसापासून रोज उचलून बघा. पहिले पांढरे कोंब दिसले की त्याच दिवशी झाकण काढायचे. एक दिवस उशीर झाला तरी कोंब लांबट आणि पिवळे होतात.

जुने बियाणे पडून असेल तर पेरण्याआधी तपासा. दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून डब्यात, घरातल्या उबदार जागी ठेवा. सात उगवले तर थोडे दाट पेरा, तीन-चारच उगवले तर नवे आणा. कांद्याचे बी वर्षभरात जुने होते. टोमॅटो, काकडीचे नीट कोरडे ठेवलेले बी चार-पाच वर्षेही चालते.

रोपे आडवी पडण्याबद्दल. एका रात्रीत पडली असे तुम्हाला वाटले, पण रोग आधीपासून आत होता. पडलेल्या रोपाचा देठ मातीलगत बघितलात तर तिथे तो दोऱ्यासारखा बारीक, पाणचट, तपकिरी झालेला दिसला असता. ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींमुळे ती होते, आणि या बुरशींना हवे असते तेच आपण काळजीपोटी देतो: सतत ओली माती, दाट पेरणी, बंद झाकण, गार कोपरा. आडवे झालेले रोप वाचत नाही. उरलेली वाचवायची असतील तर झाकण काढा, पाणी तोडा, वारा खेळू द्या. माझी संपूर्ण मिरची मी एकदा अशीच घालवली आहे. रोज संध्याकाळी झारीने वरून पाणी देत होतो, कारण वरची माती कोरडी दिसायची. आता ट्रे आधी उचलून बघतो. जड लागला तर पाणी नाही. हलका झाला की खालच्या ताटात पाणी ओततो, अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकतो, आणि हे सकाळी करतो. ट्रे आणि कुंड्या दरवर्षी गरम साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवतो. बागेतली माती रोपांसाठी वापरत नाही.

लांबट, वाकलेली रोपे ही वेगळी गोष्ट. ती ऊब जास्त आणि उजेड कमी असल्याची खूण. मिरची उगवायला 25 अंश उबदार जागा हवी (15 अंशांना ती तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ घेते, 25 अंशांना आठ-नऊ दिवस), पण पहिले कोंब दिसताच ट्रे उबेतून काढून भरपूर उजेडात न्या. खिडकीचा उजेड बहुधा पुरत नाही. दिवा लावणार असाल तर रोपांच्या शेंड्यांपासून वीतभराच्या आतच ठेवा, दिवसाला 14 ते 16 तास, आणि रात्री बंद. रोज दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा. वाऱ्याने हलल्यासारखे रोपाला वाटते आणि देठ आखूड, जाड होतो. माझ्याकडे येणारे प्रत्येक जण हे बघून थांबतात, आणि मग घरी जाऊन करूनही बघतात. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली तर लगेच खत ओतू नका. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, बहुतेक वेळा कारण तेवढेच असते. जागा उबदार केली की नवी पाने हिरवी येतात.

आता रोजमेरी. रोजमेरी, लव्हेंडर, सेज, थाइम ही काष्ठमय झुडपे. यांच्या जुन्या, तपकिरी, पाने गळलेल्या लाकडातून नवा फुटवा सहसा येत नाही, रोजमेरी आणि लव्हेंडरच्या बाबतीत तर जवळजवळ नाहीच. तुम्ही पाने असलेल्या भागाच्या खाली कापलेत, तिथे फुटायला डोळेच नव्हते. शिवाय लवकर कापलेत. छाटणीने कोवळा फुटवा जागा होतो आणि नंतरच्या एखाद्या थंड रात्री तो करपतो. म्हणून फांद्यांच्या टोकांना नवीन हिरवे कोंब दिसेपर्यंत कात्री लावू नका. मग पानांचा भाग खाली शिल्लक ठेवून फक्त वरचा तिसरा हिस्सा घ्या. एखादी फांदी मेली की जिवंत आहे हे ठरवायला नखाने सालीवर बारीक ओरखडा काढा. आत हिरवे, ओलसर दिसले तर जिवंत. तपकिरी, कोरडे असेल तर आणखी खाली सरकून पुन्हा बघा, आणि जिथे हिरवे लागेल त्याच्या जरा वर कापा. वाळलेली तुमची जुनी रोजमेरी लगेच उपटू नका, बुंध्याशी ओरखडा काढून बघा. तिथेही तपकिरी असेल तर मात्र काढून टाका, आणि नवी लावताना त्या जागी आधी पाण्याचा निचरा सुधारा. हिवाळ्यात ही झुडपे थंडीपेक्षा साचलेल्या ओलीने जास्त मरतात.

पुदिन्याचा स्वभाव अगदी उलटा. तो जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरतो आणि कितीही कापा, फुटतो. थंडीने वाळलेले देठ जमिनीलगत कापून टाका, म्हणजे पुदिन्याच्या तांबेऱ्याचा जुन्या देठांवरून नव्या पानांवर होणारा प्रसारही कमी होतो. मग कडेने माती उकरा. पांढुरकी, दोरीसारखी खोडे दिसतील, गाठी-गाठींवर बारीक मुळे आणि जांभळट कोंब. बोटभर लांबीचा, दोन-तीन गाठींचा तुकडा नव्या कुंडीत आडवा ठेवून दोन सेंटिमीटर माती टाका, पंधरवड्यात नवे झाड तयार. मोकळ्या वाफ्यात मात्र लावू नका, शेजारचा थाइम तो गिळून टाकतो. चाइव्ह्ज आणि ओरेगानोचे जुने गड्डेही याच दिवसांत, कोंब बोटभर असताना, फावड्याने तोडून वेगळे करता येतात, तीन-चार वर्षांतून एकदा पुरे.

पोकळ देठांची सगळी साफसफाई पहिल्याच दिवशी करू नका, एवढी विनंती. जुन्या पोकळ देठांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या हिवाळा काढतात. कापावेच लागले तर ते देठ सैल जुडी करून कुंपणाशी उभे ठेवा. काकडी-भोपळ्याला त्याच माश्यांची गरज पडणार आहे.

घरातली रोपे बाहेर नेताना आठवडा-दहा दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी सावलीत, वारा अडलेल्या जागी तासभर. मग रोज तास-दोन तास वाढवत, सकाळचे ऊन, मग दुपारचे, शेवटी रात्रभर. एकदम उन्हात ठेवलेल्या रोपांची पाने पांढरी पडतात, ते भाजणे असते. बेसिलला सगळ्यात शेवटी न्या. 10 अंशांच्या खाली त्याची पाने काळवंडतात, दव गोठायचीही गरज नसते. रात्रीचा पारा 12-13 अंशांच्या खाली जायचा थांबला की मगच.

आणि या हंगामात एखादी रात्र फिरतेच. आभाळ निरभ्र, वारा पूर्ण पडलेला, संध्याकाळीच गारठा जाणवतो, अशा दिवशी सावध राहा. ढग असले की मातीची ऊब अडते, मोकळ्या आभाळाखाली ती निघून जाते. माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. सूर्य मावळायच्या आधीच जुनी चादर किंवा गोणपाट काड्यांवर ताणून रोपे झाका, कडा जमिनीला टेकवा, म्हणजे मातीतून येणारी ऊब आत राहते. प्लास्टिक वापरलेत तर ते पानांना लागू देऊ नका, जिथे टेकते तिथे पान करपते. सकाळी ऊन चढले की झाकण काढा. त्या रात्रीनंतर एखादे रोप मान टाकलेले दिसले तरी लगेच उपटू नका. शेंडा काळा पडला असेल आणि खालचा देठ टणक, हिरवा असेल, तर आठवडाभर थांबा. पानांच्या बगलेतून नवीन फुटवा दिसू लागला की काळा भाग त्याच्या वरून कापून टाका.